आयोडीनचे थेंब, केल्पच्या गोळ्या आणि ‘थायरॉईड सपोर्ट’ कॅप्सूल: कशात किती आयोडीन असतं आणि ते थायरॉईडचं काय करतं

तपकिरी काचेची १५ किंवा ३० मिलीची बाटली, झाकणालाच ड्रॉपर. आतला द्रव काळपट लाल. एक थेंब पाण्याच्या पेल्यात सोडला की पाणी पिवळं होतं, बोटावर सांडला तर डाग साबणाने निघत नाही. लेबलवर ‘थायरॉईडच्या आरोग्यासाठी’ असं काहीतरी लिहिलेलं. हे ल्युगॉलचं द्रावण. आयोडीनच्या सप्लिमेंटमध्ये सगळ्यात तीव्र प्रकार हाच, म्हणून सुरुवात याच्यापासून.

फ्रेंच डॉक्टर झाँ ल्युगॉल यांनी हे द्रावण १८२९ मध्ये तयार केलं आणि रुग्णालयांत ते आजही वापरात आहे. मात्र कशासाठी, ते विकत घेणाऱ्याने आधी समजून घ्यावं. ग्रेव्हज या आजारात थायरॉईड बेफाम हार्मोन तयार करते. अशा रुग्णाची ग्रंथी काढायची असेल तर शस्त्रक्रियेआधी साधारण १० दिवस ल्युगॉलचे ५ ते ७ थेंब दिवसातून तीन वेळा देतात. हार्मोन रक्तात सुटणं मंदावतं, ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि सर्जनचं काम सोपं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी ही पद्धत रुळवली आणि या शस्त्रक्रियेतले मृत्यू झपाट्याने घटले. थायरॉईड स्टॉर्म या जिवावर बेतणाऱ्या अवस्थेतही आयोडीन देतात, तेही हार्मोन बनणं थांबवणारी गोळी आधी देऊन, त्यानंतर किमान एका तासाने.

म्हणजे सुस्त थायरॉईडला चालना मिळावी म्हणून जे थेंब विकले जातात, तेच थेंब रुग्णालयात उधळलेल्या थायरॉईडला लगाम घालायला देतात. आयोडीनची कुठलीही बाटली हातात घेताना एवढी एक गोष्ट लक्षात असली तरी अर्धं काम झालं.

ग्रंथीची गरज किती

थायरॉईड टी-फोर आणि टी-थ्री ही दोन हार्मोन बनवते. या नावांतले चार आणि तीन म्हणजे त्या हार्मोनमधले आयोडीनचे अणू. आयोडीन नसेल तर हार्मोन नाही, इथपर्यंत जाहिरात खरं बोलते. पण मोठ्या माणसाची ग्रंथी दिवसाला वापरते ते जेमतेम ६० ते ८० मायक्रोग्रॅम. आहारातून १५० मायक्रोग्रॅम मिळालं की मोठ्या माणसाला पुरतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम सांगते. शिवाय निरोगी ग्रंथीत १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन साठवलेलं असतं आणि तयार हार्मोनचा साठाही असतो, त्यामुळे चार दिवस कमी मिळालं म्हणून काही अडत नाही.

आयोडीनयुक्त मिठाचं गणित अगदी सोपं आहे. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या मिठाच्या एका ग्रॅममध्ये ३० मायक्रोग्रॅम येतं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम. शिजवताना आणि साठवताना त्यातलं थोडं उडून जातं, पण दूध, अंडी, मासे यांतून ते भरून निघतं. घरात आयोडीनयुक्त मीठ वापरत असाल आणि पोटात बाळ नसेल, तर या परीक्षणातल्या कुठल्याच उत्पादनाची तुम्हाला गरज नाही. खाली जे येतं ते तरीही घेणाऱ्यांसाठी, किंवा कुणाच्या सांगण्यावरून आधीच घेऊन बसलेल्यांसाठी.

वरच्या मर्यादेवर सगळ्या देशांचं एकमत नाही. मोठ्या माणसासाठी अमेरिकेत दिवसाला १,१०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा धरतात, युरोपात ६००. लहान मुलांची मर्यादा बरीच खाली आहे: अमेरिकी आकड्यांनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलासाठी २०० आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी ३०० मायक्रोग्रॅम. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आयोडीन देणारी सप्लिमेंट घेऊ नयेत. यात आहारातून मिळणारं आयोडीन वेगळं. दुकानातलं उत्पादन पारखायला ५०० चा हा आकडा सगळ्यात सोयीचा, म्हणून खाली सगळीकडे तोच लावला आहे.

जास्त झालं की आत काय होतं

थायरॉईडच्या पेशीला रक्तातलं आयोडीन आत ओढणारा एक पंप असतो, त्याचं नाव सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. आत आलेलं आयोडीन थायरॉईड पेरॉक्सिडेज हे एन्झाइम थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडतं, आणि त्या जोडणीतून पुढे टी-फोर आणि टी-थ्री तयार होतात. कच्चा माल जास्त दिला तर पक्का माल जास्त निघेल असं कुणालाही वाटेल. १९४८ मध्ये यान वोल्फ आणि इस्रायल चायकॉफ यांनी उंदरांना आयोडीनचे मोठे डोस देऊन पाहिलं, तेव्हा नेमकं उलट दिसलं. रक्तातलं आयोडीन एका पातळीच्या वर चढलं की जोडणीचं काम जवळजवळ थांबतं. या परिणामाला त्या दोघांचंच नाव आहे, वोल्फ-चायकॉफ परिणाम.

निरोगी ग्रंथी यातून स्वतः बाहेर पडते. एक-दोन दिवसांत ती पेशीवरच्या पंपांची संख्या कमी करते, आत येणारं आयोडीन घटतं आणि जोडणी पुन्हा सुरू होते. म्हणूनच ढीगभर आयोडीन घेऊनही बऱ्याच लोकांचे रिपोर्ट बिघडत नाहीत, आणि ‘मला तर काही झालं नाही’ हा त्यांचा अनुभव खोटा नसतो. अडचण होते ती ज्यांच्या ग्रंथीला पंप कमी करणं जमत नाही त्यांची: हाशिमोटो थायरॉइडायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते तो आजार) असलेले, पूर्वी ग्रेव्हजवर उपचार झालेले, बाळंतपणानंतर थायरॉईड सुजून गेलेल्या बायका, ग्रंथीचा अर्धा भाग काढलेले, लिथियमची गोळी चालू असलेले. यांच्यात जोडणी थांबते ती थांबलेलीच राहते. टी-फोर उतरतं, टीएसएच (ग्रंथीला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) चढतं, कधी गळ्याला गाठही दिसते. पोटातल्या बाळाच्या ग्रंथीतही ही सुटकेची सोय गरोदरपणाच्या जवळपास ३६ व्या आठवड्यापर्यंत पुरती तयार झालेली नसते. आईने घेतलेलं जादा आयोडीन नाळेतून आणि पुढे दुधातून बाळाकडे जातं, म्हणून आईचे रिपोर्ट चांगले असतानाही बाळाची थायरॉईड मंद पडू शकते.

आता दुसरी दिशा. काहींच्या ग्रंथीत अशा गाठी असतात ज्या मेंदूच्या हुकमाची, म्हणजे टीएसएचची, वाट पाहत नाहीत. इतके दिवस आयोडीन बेताचं होतं म्हणून त्या गप्प होत्या. भरपूर मिळालं की त्या हार्मोनचा लोंढा सोडतात. याला जॉड-बेसडो म्हणतात. जिनिव्हाच्या डॉक्टर कोअँदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली आणि वर्षभरातच काही रुग्णांत धडधड आणि झपाट्याने खंगणं दिसल्याची नोंदही त्यांनीच केली. टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन घालायला लागल्यावर हायपरथायरॉईडचे (ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते त्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेही मुख्यतः जुना गाठीचा गलगंड असलेले वयस्कर लोक. सुरुवातीला असा चढ येतो आणि पुढे ओसरतो. त्यामुळे आयोडीनयुक्त मीठ वाईट असा अर्थ कुणी काढू नये. आयोडीनच्या कमतरतेने मुलांच्या मेंदूचं जे नुकसान होतं त्यापुढे ही किंमत फार लहान आहे. पण ६५ वर्षांच्या, गळ्यात जुनी गाठ असलेल्या माणसाला कुणी थेंब सुचवले, तर धोका वजन घटण्यावर थांबत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत तो जातो.

जास्तीचं आयोडीन वर्षानुवर्षं मिळत राहिलं तर काय होतं, हे चीनमध्ये तीन भागांतल्या लोकांचा पाच वर्षं पाठपुरावा करून पाहिलं गेलं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोडीन थोडं कमी, पुरेशापेक्षा जास्त आणि अतिरेकी, असे ते तीन भाग. हायपोथायरॉईडची, म्हणजे मंदावलेल्या थायरॉईडची, सौम्य, फक्त टीएसएच चढलेली अवस्था पाच वर्षांत नव्याने दिसलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ०.२, २.६ आणि २.९ टक्के होतं. मधला आकडा नीट पाहा. पुरेशापेक्षा थोडंसं जास्त झालं तरी फरक पडला, आणि तिथून अतिरेकी पातळीपर्यंत गेल्यावर फारशी भर पडली नाही.

ल्युगॉल: थेंबाचा हिशोब

पूर्ण ताकदीच्या द्रावणात ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड असतं. पोटॅशियम आयोडाइडच्या वजनात ७६ टक्क्यांच्या आसपास आयोडीन, म्हणून एका मिलीत एकूण सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडीन भरतं. एका मिलीचे वीस थेंब धरले तर एका थेंबात ६.३ मिलिग्रॅम, म्हणजे ६,३०० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या गरजेच्या ४२ पट. २ टक्के लिहिलेल्या सौम्य बाटलीतही एका थेंबात अडीच मिलिग्रॅम येतंच.

आता ड्रॉपर. वीस थेंबांचा एक मिली हा हिशोब पाण्यासारख्या द्रवाचा आणि ठरावीक जाडीच्या नळीचा. नळीचं टोक रुंद असेल, ड्रॉपर तिरपा धरला किंवा रबर जोरात दाबला, तर थेंबाचा आकार दीडपट होऊ शकतो. गरजच मायक्रोग्रॅममध्ये असताना थेंब हे मापच मुळात चुकीचं. एका थेंबाचा अर्धा थेंब करता येत नाही. पेलाभर पाण्यात थेंब टाकून त्यातला एक घोट घ्या असा सल्ला काही जण देतात, पण तेवढ्या अंदाजाने डोस ठरत नाही.

पोटात गेल्यावर लगेच जाणवणारे त्रासही आहेत: तोंडात धातूसारखी चव, हिरड्या आणि घशाची जळजळ, मळमळ. रोज घेतलं तर लाळग्रंथी सुजणं, नाक वाहणं, चेहऱ्यावर मुरमांसारखे फोड. विक्रेते याला ‘शरीरातली विषं बाहेर पडताहेत’ असं सांगतात. हा आयोडीनचाच त्रास, वैद्यकात त्याला आयोडिझम म्हणतात, आणि थेंब बंद केले की तो जातो.

या बाटलीसोबत तीन दावे हमखास येतात. पहिला, जपानी लोक रोज १२ ते १३ मिलिग्रॅम आयोडीन खातात आणि ठणठणीत असतात. हा आकडा आला तो शेवाळाचं वजन मोजण्यातल्या घोटाळ्यातून: ओल्या शेवाळाचं वजन घेऊन त्याला वाळलेल्या शेवाळातल्या आयोडीनचं प्रमाण लावलं गेलं. सरासरी सेवनाचा नीट काढलेला अंदाज १ ते ३ मिलिग्रॅम आहे. शिवाय कोम्बू हे समुद्री शेवाळ भरपूर खाणाऱ्या होक्काइडोच्या किनारपट्टीवर आयोडीनच्या अतिरेकाने झालेला गलगंड १९६० च्या दशकातच नोंदला गेला आहे, हे त्या दाव्यात कुणी सांगत नाही.

दुसरा दावा चाचण्यांचा. मनगटावर आयोडीनचा ठिपका लावा, २४ तासांच्या आत पुसट झाला तर शरीरात कमतरता आहे. आयोडीन हवेत उडून जातं आणि त्वचेवर रंगहीन आयोडाइडमध्ये बदलतं. ठिपका किती टिकतो ते त्वचेचं तापमान, घाम आणि हवा यांवर ठरतं, ग्रंथीला त्याची काही खबर नसते. त्याहून महागडा प्रकार म्हणजे ५० मिलिग्रॅम आयोडीन एकदम घेऊन २४ तासांची लघवी तपासणं, आणि ९० टक्के बाहेर आलं नाही तर ‘शरीर आयोडीनला भुकेलं आहे’ असं सांगणं. एवढं आयोडीन बाहेर पडायला निरोगी माणसालाही एकापेक्षा जास्त दिवस लागू शकतो, त्यामुळे या चाचणीत नापास होणं फार सोपं आहे. आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या गरजेच्या तीनशेहून अधिक पट.

तिसरा दावा सगळ्यात घातक वाटतो. थेंब सुरू केल्यावर टीएसएच वाढलं तर घाबरू नका, आयोडीन आत घेण्यासाठी शरीर पंप वाढवतंय, काही महिन्यांत उतरेल. जादा आयोडीनने पंप कमी होतात, हे वर आलंच आहे. टीएसएच वाढतं कारण टी-फोर घटतं. वाढलेलं टीएसएच हा बिघाडाचा पुरावा असताना त्यालाच उपचार लागू पडल्याची खूण ठरवायचं, म्हणजे माणूस थकलेला, सुजलेला, थंडीने कुडकुडणारा असतानाही थेंब चालू ठेवतो.

रोज पोटात घ्यायचं उत्पादन म्हणून ल्युगॉलला शून्य गुण. १२.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या म्हणजे याच मिश्रणाचं कोरडं रूप. डोस नेमका एवढाच फरक, आणि तो डोस गरजेच्या ८३ पट. ‘नेसंट आयोडीन’ नावाने मिळणाऱ्या थेंबांत आयोडीन सुट्ट्या अणूंच्या रूपात असतं असं सांगतात. सुटे अणू बाटलीत टिकत नाहीत, क्षणात जोडीने रेणू होतात. तिथे फक्त लेबलवर एका थेंबात किती मायक्रोग्रॅम ते पाहा आणि ५०० च्या आत आहे का ते बघा. बहुतेकदा सुचवलेल्या थेंबांची बेरीज त्याच्या वर जाते.

केल्पच्या गोळ्या

‘नैसर्गिक’ हा शब्द इथे सगळ्यात मोठा छापलेला असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. केल्प म्हणजे समुद्री शेवाळ, आणि शेवाळात आयोडीन किती, हे जात, समुद्र, हंगाम, पानाचा कोणता भाग, किती दिवस वाळवलं, या सगळ्यावर ठरतं. नोरीमध्ये ग्रॅमला साधारण वीस-चाळीस मायक्रोग्रॅम, तर केल्प आणि कोम्बूमध्ये ग्रॅमला हजाराच्या, कधी दोन हजारांच्याही पुढे. ५०० मिलिग्रॅम केल्पच्या गोळीत म्हणून ५० मायक्रोग्रॅमही असू शकतं आणि १,००० मायक्रोग्रॅमही. कंपनीने प्रत्येक घाण्याची तपासणी करून आयोडीन ठरावीक प्रमाणात आणलं नसेल, तर एकाच नावाच्या दोन बाटल्यांत दोन वेगळे डोस मिळतात.

लेबल वाचताना नेहमीची चूक अशी: ‘केल्प ६०० एमजी’ हा आकडा शेवाळाचा, आयोडीनचा नव्हे. आयोडीनची ओळ वेगळी, ‘एमसीजी’मध्ये, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये, असायला हवी. नसेल तर ती बाटली परत ठेवा. आणि ओळ असली तरी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेतल्या गरोदरपणाच्या व्हिटॅमिन गोळ्यांची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेबल आणि प्रत्यक्ष यांतली मोठी तफावत मुख्यतः केल्पवाल्या गोळ्यांतच आढळली. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कोम्बूचा अर्क घातलेलं एक सोयादूध बाजारातून परत घ्यावं लागलं, कारण ते रोज पिणाऱ्यांच्या थायरॉईड बिघडल्या होत्या. गोळी तरी औषध म्हणून मोजून घेतली जाते. दूध कोण मोजून पितं?

शेवाळ समुद्रातलं आर्सेनिकही ओढून घेतं, त्यामुळे जड धातूंची तपासणी छापलेली नसलेली केल्पची गोळी त्या एका कारणानेही नको. अधूनमधून जेवणात नोरी खाल्ली तर हरकत नाही. केल्पची गोळी रोज घेऊ नये. दहापैकी दोन गुण, तेही आयोडीनची ओळ आणि तपासणी दोन्ही छापलेल्या, १५० मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या उत्पादनालाच.

‘थायरॉईड सपोर्ट’ कॅप्सूल

हा प्रकार दिसायला सगळ्यात निरुपद्रवी. सुंदर डबी, एका कॅप्सूलमध्ये दहा-बारा घटक: केल्प किंवा पोटॅशियम आयोडाइड, सेलेनियम, टायरोसिन, झिंक, अश्वगंधा, बायोटिन. बिघाड लक्षात येणं सर्वांत अवघड होतं ते याच्यामुळे.

आधी बायोटिन. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, पण केसांच्या आणि थायरॉईडच्या कॅप्सूलमध्ये ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम सर्रास असतं. ते थायरॉईडला काही करत नाही, तपासणीला मात्र फसवतं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या मशीनमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी वापरून हार्मोन मोजतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर, टी-थ्री खोटे जास्त दिसतात. कागदावर ग्रेव्हजसारखं चित्र उभं राहतं. त्यातच कॅप्सूलमधल्या आयोडीनने थायरॉईड खरोखर मंदावली असेल, तर रिपोर्टमध्ये टीएसएच छान नॉर्मल येऊ शकतं आणि पेशंट घरी लक्षणं घेऊन बसतो. म्हणून रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायचं, मात्रा फार मोठी असेल तर आणखी आधी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. काही डब्यांवर ‘ग्लँड्युलर’ किंवा ‘बोवाइन थायरॉईड’ असं बारीक अक्षरांत असतं, म्हणजे जनावराच्या ग्रंथीची पूड. तिच्यात खरं हार्मोन असू शकतं. अमेरिकेत दहा थायरॉईड सप्लिमेंटची तपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतल्या नऊंमध्ये टी-थ्री सापडलं. ‘पहिल्या आठवड्यात तरतरी आली, वजन उतरलं’ असे अनुभव वाचताना हे ध्यानात ठेवा. ती तरतरी आयोडीनची नसून बिनहिशोबी हार्मोनची असू शकते. अश्वगंधेनेही काही लोकांत थायरॉईड हार्मोन चढल्याच्या नोंदी आहेत. सेलेनियमची दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅम आणि अमेरिकी कमाल मर्यादा ४००. दोन कॅप्सूलच्या डोसमध्ये २०० असेल आणि शेजारी मल्टिव्हिटॅमिनही चालू असेल, तर बेरीज करून पाहा.

या प्रकाराला शून्याखाली गुण देता आले असते तर दिले असते. काही बिघडलं तर बारा घटकांपैकी दोष कुणाचा, ते डॉक्टरलाही शोधता येत नाही.

१५० मायक्रोग्रॅम पोटॅशियम आयोडाइड

साधी, लहान, कंटाळवाणी गोळी, बहुधा गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येच मिसळलेली. या यादीत कामाची तेवढीच आहे. गर्भ राहण्याच्या आधीपासून अंगावर पाजणं संपेपर्यंत, ज्यांच्या आहारात आयोडीनयुक्त मीठ नाही किंवा दूध-अंडी-मासे काहीच नाही, त्यांना ती डॉक्टरांशी बोलून घेता येते. मात्रा ठरलेली, रसायन शुद्ध, घाण्यागणिक फरक नाही.

एक बारकावा पाहून घ्या. ‘आयोडीन १५० एमसीजी, पोटॅशियम आयोडाइड स्वरूपात’ आणि ‘पोटॅशियम आयोडाइड १५० एमसीजी’ या दोन ओळी एकच नाहीत. दुसरीत आयोडीन ११५ मायक्रोग्रॅमच भरतं. १५० मायक्रोग्रॅम आयोडीनला पोटॅशियम आयोडाइड १९६ मायक्रोग्रॅम लागतं. आणि ‘एमसीजी’च्या जागी ‘एमजी’ तर नाही ना, हे दोनदा वाचा. किरणोत्सर्गाच्या आणीबाणीत ग्रंथीला वाचवायला देतात त्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या १३० एमजीच्या असतात, नाव तेच. त्या रोज घ्यायच्या नसतात. सरकारी सूचना आली तरच घ्यायच्या.

लेव्होथायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर वर आयोडीनची भर नको. त्या गोळीत आयोडीन असतंच: १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५. हार्मोन तयारच मिळत असेल तर ग्रंथीला कच्चा माल पुरवून काही साधत नाही. गुण नऊ. एक कापला, कारण या गोळीच्या डब्यावरसुद्धा कधीकधी ‘थायरॉईड बूस्ट’ असं छापतात.

बाटलीबाहेरचं आयोडीन

सप्लिमेंट घेत नसतानाही रिपोर्ट अचानक बिघडला तर गेल्या काही महिन्यांत काय काय झालं ते आठवा. हृदयाचे ठोके आवरण्यासाठी दिली जाणारी अमिओडारोन वजनाने ३७ टक्के आयोडीन असते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, आणि औषध बंद केल्यावरही ते शरीरात कित्येक आठवडे, महिने राहतं. ही गोळी स्वतःहून कधीच बंद करायची नाही, पण ती घेणाऱ्याची थायरॉईड नियमित तपासायलाच हवी. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या आयोडीनयुक्त डायच्या एका मिलीत ३०० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे १०० मिलीच्या एका इंजेक्शनात ३० ग्रॅमच्या वर. त्यातलं बहुतेक डायच्याच रेणूला चिकटलेलं असतं, सुटं थोडंच, पण ते थोडंही ग्रंथीच्या दृष्टीने भरपूर. मोठ्या जखमेवर किंवा भाजलेल्या अंगावर रोज लावलेलं पोविडोन आयोडीनही रक्तात उतरतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेतून तर फार सहज.

आधीच घेत असाल तर

थेंब, केल्प किंवा सपोर्ट कॅप्सूल आजच बंद करा. हळूहळू कमी करत जायची गरज नाही. बाटली मात्र टाकू नका. डॉक्टरांना लेबल दाखवा, किती दिवस आणि किती घेतलं ते सांगा. ‘काहीतरी आयुर्वेदिक’ किंवा ‘व्हिटॅमिन’ एवढं सांगून भागत नाही. बायोटिन दोन दिवस बंद ठेवून टीएसएच आणि फ्री टी-फोर करा, धडधड किंवा घाम असेल तर फ्री टी-थ्रीही. हाशिमोटोचा संशय असेल तर टीपीओ अँटिबॉडी. लघवीतलं आयोडीन एकदाच तपासून एका माणसाबद्दल फारसं कळत नाही, कारण ते जेवणागणिक बदलतं. ती चाचणी मुळात लोकसमूहाची पातळी पाहायला बनली आहे.

टीएसएच वाढलेलं निघालं तर लगेच आयुष्यभराची गोळी गळ्यात पडेल असं नाही. अतिरेकाने मंदावलेली थायरॉईड आयोडीन थांबवल्यावर बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होते. टी-फोर रक्तात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे, म्हणून दुसरी तपासणी सहा आठवड्यांनी. पंधरवड्यात केली तर अर्धवट आकडा येतो आणि विनाकारण डोस ठरतो. लक्षणं जास्त असतील किंवा पोटात बाळ असेल तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत, गोळी ताबडतोब सुरू करतात.

उलटी दिशा, म्हणजे टीएसएच दबलेलं आणि टी-फोर चढलेलं असेल, तर ओसरायला जास्त वेळ लागतो, कधी कित्येक महिने. विश्रांतीतही नाडी १०० च्या वर, ठोके चुकताहेत, दम लागतोय किंवा छातीत दुखतंय असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी थायरॉईडचा अपटेक स्कॅन सांगितला तर तारीख घेण्याआधी आयोडीन शेवटचं कधी घेतलं आणि डायचं इंजेक्शन कधी झालं, ते तिथल्या माणसाला सांगा. ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असेल तर ती किरणोत्सारी आयोडीन घेत नाही, स्कॅनवर काहीच उमटत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. डाय घेतला असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे थांबून मगच तारीख घ्या.